चिकन खात होती म्हणून आम्ही तीन दिवस थांबलो (कुत्र्याची अन्नावरची वासना उडते तेव्हा)

कृष्णाकाठ – मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार. अजून हात थरथरताहेत, तरी आत्ताच लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये एवढ्यासाठी.

आमची चिंगी देशी आहे, पाच वर्षांची, सोळा किलोची. वाईहून साताऱ्याला येताना रस्त्याच्या कडेला सापडलेलं पिल्लू. आजवर तिच्या खाण्याची काळजी कधी करावीच लागली नाही. सकाळी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, संध्याकाळी भात आणि चिकन उकडलेलं पाणी. भाकरी थापल्याचा आवाज आला की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकरी ठेवली. घरात पंधरा-वीस माणसं, गल्लीत मंडळाचा स्पीकर, दारात सारखी चपलांची रांग. सासूबाई म्हणाल्या, "बावरलीय गर्दीनं." मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीला तोंडच लावलं नाही. मग मी चिकन उकडून दिलं. ते खाल्लं, आणि माझा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी चिकन भाकरीत कालवून दिलं, तर तिनं चिकनचे तुकडे तेवढे वेचून खाल्ले. आमचे हे म्हणाले, "लाडावलीय." संध्याकाळी चिकनही नको झालं, तेव्हा अंडं दिलं. अर्धं खाल्लं. मग पनीर. दर वेळी काहीतरी आणखी चांगलं समोर ठेवायचं, ती दोन घास घ्यायची आणि आम्ही एकमेकांना सांगायचो, "खातेय की."

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी ती जिन्याखालून उठलीच नाही. पुतण्यानं हाक मारली तर नुसतं शेपूट हललं. तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. तशीच उचलून दवाखान्यात नेली. ताप १०४.२. कानाच्या आतल्या घडीत दोन आणि पुढच्या पायाच्या बोटांमध्ये दोन गोचिडी. रक्तात प्लेटलेट्स ३८,०००, हिमोग्लोबिन ७.१. डॉक्टरांनी टिक फीवर सांगितला, म्हणजे गोचिडीचा ताप, एर्लिकिया नावाच्या जंतूचा.

त्यांनी विचारलं, "जेवण कधी सोडलं?" मी म्हटलं, "काल रात्रीपासून." त्यांनी परत विचारलं, "भाकरी कधी सोडली?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते म्हणाले, दिवस भाकरी सोडल्यापासून मोजायचे, चिकन सोडल्यापासून नाही.

आज औषधाचा पहिला दिवस. सलाईन लावलं, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय. घरी आणलीय, पण अजून काही खात नाही. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही असं बजावलंय. तिला खायला कसं घालू? आणि तुमच्याकडे कुणाला असा अनुभव आला असेल तर लिहा.

रानवाटा – मंगळवार, रात्री १०.०५

ताई, धीर धरा. पाणी पितेय का? उलटी? लघवीचा रंग कसा आहे? आमच्या कुत्र्याला गोचिडीमुळेच बबेसिया (तांबड्या पेशी फोडणाऱ्या परजीवीचा आजार) झाला होता, तेव्हा लघवी चहासारखी झाली होती. तसं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

कृष्णाकाठ – मंगळवार, रात्री १०.१२

पाणी थोडं थोडं पितेय. उलटी नाही. लघवी पिवळीच आहे. आता दर वेळी बघेन.

गुरांचा_डॉक्टर – मंगळवार, रात्री ११.३०

मी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. दिवसभर गाई-म्हशी, संध्याकाळी बरीचशी कुत्री. धाग्यावरून मी निदान करणार नाही, तुमच्या डॉक्टरांनी ते नीट केलंय. खाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण घरोघर चूक इथेच होते.

कुत्रं जेवत नाही, हे ऐकलं की माझ्या मनात तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. त्याला खायचंच नाही? खायचंय, पण खाता येत नाही? की खायला येतं, वास घेतं आणि तोंड फिरवतं?

पहिल्या प्रकारात ते ताटाकडे फिरकतच नाही. ताप, कावीळ, रक्त कमी होणं, कुठलाही मोठा संसर्ग यात असं होतं. शरीर आजाराशी झुंजत असतं तेव्हा जी रसायनं रक्तात सुटतात, ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्रालाच गप्प करतात. तिथे चव कितीही वाढवा, उपयोग थोडाच. पण थोडा होतो, आणि घात तिथेच होतो. ताई, चिंगीची भूक तेव्हा खरोखर कमी झालेली होती. चिकनच्या वासानं तिला दोन घासांपुरतं उठवलं, एवढंच.

दुसऱ्या प्रकारातलं कुत्रं धावत ताटापाशी येतं, घास उचलतं आणि टाकून देतं. किंवा एकाच बाजूनं चावतं. किंवा कडक सोडून मऊ तेवढं खातं. तिथे तोंडात बघायचं. सडलेली दाढ, हिरडीतला पू, टाळूत आडवं रुतलेलं हाडाचं टोक, जिभेवरचा फोड. एकदा एका अल्सेशियनच्या वरच्या दाढांमध्ये आडवी अडकलेली काडी मी काढली होती. मालक आठ दिवस खाद्याच्या कंपन्या बदलत होते.

तिसरा प्रकार मळमळीचा. येतं, हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं, सारखं घोट गिळल्यासारखं करतं आणि बाजूला होतं. बाहेर सोडलं की हपापल्यासारखं गवत खातं. पोट, स्वादुपिंड, मूत्रपिंड, यकृत, काही औषधं, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. अशा कुत्र्याला तोंडात कोंबून भरवू नका. त्या वेळी जे खाल्लं त्याच्या वासाशी मळमळीचं नातं जुळतं आणि बरं झाल्यावरही ते त्या अन्नाला शिवत नाही. मळमळ थांबवायची औषधं मिळतात. ती आधी, जेवण नंतर.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडी दिली की अन्ननलिकेत चिकटून तिथे जळजळ करू शकते. म्हणून गोळीच्या आधी चार चमचे काहीतरी पोटात जाऊ द्या आणि गोळीनंतर पुन्हा थोडं अन्न किंवा पाणी. भाताची पातळ पेज चालेल. चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण त्यात कांदा नको, लसूण नको, मीठ नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि चिंगीच्या रक्तात त्या आधीच कमी आहेत. गोळीच्या वेळी दूध-दही टाळा. अन्न कोमट असू द्या, हाताला सोसेल एवढं. वास वर येतो. एका वेळी एकच पदार्थ, तोही थोडा. पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर उचला आणि दोन-तीन तासांनी ताजं द्या. शिळं ताट तसंच पुढ्यात ठेवलं की आजारी जनावराला त्याचा वीट येतो.

आणि गोळी तिच्या रोजच्या जेवणात लपवू नका. एकदा कडू लागली की तिला त्या वाडग्याचाच संशय येतो. गोळीसाठी वेगळा लहानसा गोळा करा, वेगळ्या ठिकाणी द्या.

उद्या रात्रीपर्यंत पोटात काहीच गेलं नाही, किंवा गोळी उलटून पडली, तर डॉक्टरांना फोन करा. इंजेक्शनातून औषध देता येतं.

सह्यगिरी – बुधवार, सकाळी ७.१५

चिंगीला आराम पडो. पण एक वेगळं मत मांडतो. आजकाल लोक कुत्र्यांना फार चोचले शिकवतात. माझ्याकडे तीन पिढ्या कारवान जातीचे शिकारी कुत्रे आहेत. एखाद्यानं नाक मुरडलं की मी ताट उचलतो. दुसऱ्या दिवशी मुकाट खातो. भूक लागली की खाईल, हे आमच्या वडिलांचं सूत्र. नव्याण्णव वेळा ते खरं ठरतं.

रानवाटा – बुधवार, सकाळी ८.०२

आणि शंभराव्या वेळी?

गुरांचा_डॉक्टर – बुधवार, सकाळी ८.४५

सह्यगिरी, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. धडधाकट, वयात आलेलं, खेळणारं, फिरायला उड्या मारत निघणारं कुत्रं एक वेळ जेवलं नाही तर ताट उचलणं बरोबरच आहे. आपण नवा पदार्थ पुढे केला की ते उद्याही थांबायला शिकतं. नर कुत्रा तर आसपास मादी माजावर आली की दोन-दोन दिवस जेवणाकडे बघत नाही. कडक उन्हाळ्यात सगळीच कमी खातात. लस दिल्यावर एखादा दिवस सुस्ती येते.

पण ही सूट फक्त धडधाकट, वयात आलेल्या कुत्र्यालाच. तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लाला, त्यातही पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या, उपाशी ठेवायचं नाही. त्यांच्या रक्तातली साखर काही तासांत उतरते, लटपटतात, झटकेही येतात. लस पूर्ण न झालेलं पिल्लू जेवत नाही आणि उलट्या करतंय, तर पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, डोक्यात ठेवूनच निघायचं. म्हाताऱ्या कुत्र्यालाही एक दिवसाच्या वर नाही. आणि कुठल्याही वयाच्या कुत्र्यानं जेवण सोडलंय, त्यासोबत उलटी, जुलाब, ताप, धाप, फिक्या हिरड्या, पिवळे डोळे यांतलं एकही दिसलं, तर चोवीस तासही थांबू नका.

पोट फुगलेलं आहे आणि ओकाऱ्या काढतंय पण बाहेर काही पडत नाही, तर मिनिटं मोजा. ग्रेट डेन, अल्सेशियन, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत पोटाला पीळ पडतो.

सह्यगिरी – बुधवार, सकाळी ९.२०

पटलं. हिरड्या मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. माझ्या कुत्र्यांच्या बऱ्याचशा काळ्याच आहेत, मग फिकटपणा कळणार कसा?

गुरांचा_डॉक्टर – बुधवार, सकाळी ९.३१

देशी आणि कारवान कुत्र्यांत हे नेहमीचंच. खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढा, आतला भाग गुलाबी दिसला पाहिजे. हिरडीवर एखादा गुलाबी ठिपका असेल तर तिथे बोट दाबून सोडा. पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

नाक ओलं की कोरडं यावर जाऊ नका. ते झोपेतून उठल्यावरही कोरडं असतं. थर्मामीटर घ्या, साधा डिजिटल. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. आपल्या ९८ शी तुलना करून घाबरू नका. १०३ च्या वर सलग राहिला तर मात्र निघा. आणि क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, घरातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेननं कुत्री मरतात, मी पाहिलीत.

जुना_डोंबिवलीकर – बुधवार, दुपारी १.१०

आमचा ब्रूनो, लॅब्राडोर, बारा वर्षांचा होता. लॅब जेवण सोडतो हीच मुळात बातमी. आधी त्यानं नुसता वेग कमी केला. जो वाडगा मिनिटात चाटूनपुसून व्हायचा, त्याला दहा मिनिटं लागायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. तोंडाला घाण वास यायला लागला, म्हटलं दात खराब झाले. पाणी खूप प्यायला लागला, म्हटलं उकाडा आहे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक शहाणं उत्तर तयार होतं.

शेवटी परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेला. रक्तात क्रिएटिनिन ६ च्या वर. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम थांबल्यावरच हा आकडा वर सरकतो. म्हणजे आम्हाला दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर तो चार महिने जगला. रोज त्वचेखाली सलाईन, मळमळीचं औषध आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचं खास खाणं. ते त्याला मुळीच आवडायचं नाही, म्हणून मी जमिनीवर बसून एकेक घास हातानं भरवायचो. त्या चार महिन्यांत मी त्याच्याशी जेवढा बोललो तेवढा आधीच्या अकरा वर्षांत बोललो नसेन.

माझं सांगणं एवढंच. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासून घ्या, जेवत असला तरी. आणि महिन्याला वजन करा. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा. मोठा असेल तर दवाखान्याच्या काट्यावर. आपल्या डोळ्यांना रोजचं वाळणं दिसत नाही.

घाटावरची – बुधवार, दुपारी ३.४०

जुना_डोंबिवलीकर काका, वाचून गलबलून आलं.

"खूप पाणी पिते आणि जेवत नाही" यात मादीच्या बाबतीत एक भर घालते. आमची सात वर्षांची, नसबंदी न केलेली. माज संपून महिना झाला होता. दोन दिवस जेवली नाही, बादलीभर पाणी प्यायली. खालून स्राव काहीच दिसला नाही, म्हणून आम्ही निवांत. सोनोग्राफीत गर्भाशय पुवानं भरलेलं निघालं. गर्भाशयाचं तोंड बंद असल्यामुळे बाहेर काही येत नव्हतं. त्याच रात्री ऑपरेशन करून गर्भाशय काढलं, म्हणून वाचली. मादी असेल तर डॉक्टरांना शेवटच्या माजाची तारीख सांगाच.

पणजेकार – बुधवार, संध्याकाळी ६.२५

गुरांचा_डॉक्टर यांनी दुसरा प्रकार लिहिलाय, खायचंय पण खाता येत नाही, त्यावर मला फार कळकळीनं एक सांगायचंय. मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरचा एक कुत्रा तोंडातून लाळ गाळत होता, पाण्यापाशी जायचा आणि गिळता येत नव्हतं, खालचा जबडा लोंबत होता, आवाज घोगरा झाला होता. चावायला मुळीच धावत नव्हता, उलट शांत पडून होता. मला वाटलं घशात हाड अडकलं. मी हातानं तोंड उघडून आत बघितलं. दुसऱ्या दिवशी तो मेला. तपासणीत रेबीज निघाला. मला लशीचा पूर्ण कोर्स आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं लागलं, कारण बोटाला खरचटलं होतं.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून चावणारा, एवढंच आपल्याला माहीत असतं. मुका, लुळा पडणारा रेबीजही असतो. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचं मोठं लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तरी अनोळखी किंवा लस न झालेला कुत्रा गिळू शकत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुरांचा_डॉक्टर – बुधवार, संध्याकाळी ७.००

हे मी आधीच लिहायला हवं होतं. पणजेकार, आभारी आहे. पावसाळा आहे म्हणून आणखी एक: लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून येतो. जेवण बंद, ताप, मग डोळे पिवळे. तोही माणसाला होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा.

कृष्णाकाठ – बुधवार, रात्री ९.५०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दुपारी पेजेचे पाच-सहा चमचे चाटले. गोळीचा वेगळा गोळा केला, ओसरीवर दिला, गिळला. संध्याकाळी ताप १०२.८. रात्री पुन्हा पेज ठेवली, तोंड फिरवलं, मी उचलली. पूर्वीची मी असते तर आत्ता पनीर आणायला पळाले असते.

डॉक्टरांनी आज गोचिडींबद्दलही झापलं. मी म्हटलं, अंगावर चारच तर होत्या. ते म्हणाले, अंगावरच्या चार, घरातल्या किती? ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, फरशीच्या फटीत हजारांनी अंडी घालते. ती वर चढते म्हणे, म्हणून नुसती जमीन पुसून भागत नाही. जिन्याखाली, जिथे चिंगी झोपायची, तिथे टॉर्च मारून पाहिलं. भिंतीच्या पोपड्यांमागे मोहरीच्या दाण्यांसारख्या ओळी. मला रडू आलं. रोज तिला थोपटत होते आणि तिच्या डोक्याशी हे होतं.

रत्नागिरीकर – गुरुवार, सकाळी १०.३०

ताई, स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही वेळेत पोचलात. आमच्याकडे दर मे महिन्यात एखाद्या तरी ओळखीच्या घरी होणारी गोष्ट सांगतो. आंब्याची कोय. आमच्या टायगरनं उकिरड्यावरची चोखत चोखत गिळली. पहिल्या दिवशी जेवला आणि उलटी. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला आणि उलटी. तिसऱ्या दिवशी ताटाकडे बघेना. एक्सरेत नीट दिसली नाही, सोनोग्राफीत दिसली, लहान आतड्यात घट्ट बसलेली. ऑपरेशन करून काढली. पावसाळ्यात हेच मक्याच्या बुरकुंडाचं होतं. भाजलेलं कणीस खाऊन झालं की बुरकुंड कुत्र्याच्या हाती लागू देऊ नका.

पिंपळपान – गुरुवार, दुपारी ४.१५

नागपूरहून लिहितेय. आजारच नसेल तेव्हाचं थोडं.

मागच्या वर्षी आमचे बाबा गेले. मोती त्यांचा. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, तोवर तो कोपऱ्यात पडून थोडं खायचा. सगळे गेले आणि त्यानं जेवण सोडलं. बाबांच्या चपलांवर हनुवटी टेकून दाराशी बसायचा. आई म्हणाली, त्याला कळलंय, राहू दे. पण माझ्या भावानं ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. ताप नाही, रक्त ठीक, तोंड ठीक, पोट ठीक. हे कळल्यावरच आम्ही त्याच्या दुःखाला दुःख म्हटलं. आज इथलं सगळं वाचून वाटतंय, भावानं फार योग्य केलं.

मग भावाला आठवलं की बाबा स्वतः जेवून उठले की ताटातली शेवटची पोळी हातात घेऊन तुळशीपाशी जायचे, पायरीवर बसायचे आणि "चल रे मोत्या" म्हणत तुकडे करून द्यायचे. आम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात वाडग्यात देत होतो. भाऊ त्या रात्री साडेनऊला पायरीवर जाऊन बसला. पहिल्या दिवशी मोती नुसता जवळ येऊन बसला. दुसऱ्या दिवशी एक तुकडा घेतला. आता अर्धी पोळी पायरीवर आणि बाकीचं वाडग्यात, असं चालतं. भाऊ गावाला गेला की मी बसते.

मुक्ता_न्यूजर्सी – गुरुवार, रात्री ११.४५

पिंपळपान, शब्द नाहीत.

इकडची एक माहिती. अमेरिकेत २०१६ मध्ये कुत्र्यांची भूक वाढवण्यासाठी कॅप्रोमोरेलिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. तोंडानं द्यायचं, पातळ. पोटात भुकेचं जे संप्रेरक तयार होतं, त्याच्यासारखं काम करतं. आमच्या म्हाताऱ्या बीगलला संधिवाताच्या औषधांनंतर दिलं होतं, उपयोग झाला. पण देण्याआधी आमच्या डॉक्टरांनी रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही केलं, आणि भूक का गेली ते कळल्याशिवाय लिहून देणार नाही म्हणाल्या. भारतात डॉक्टर दुसरं काही देत असतील, पण दुकानातून भुकेचं टॉनिक आणून पाजण्याआधी हाच क्रम ठेवावा असं मला वाटतं.

सह्यगिरी – शुक्रवार, सकाळी ७.३०

काल तिन्ही कारवानांच्या पापण्या पाहिल्या, थर्मामीटर आणला. एकाच्या कानात गोचीड सापडली. ती काढली, तेव्हापासून दिवसातून दोनदा ताप बघतोय. सध्या १०१.६.

गुरांचा_डॉक्टर – शुक्रवार, सकाळी ८.१०

छान. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. गोचीड चावल्यावर लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. जेवणाचा वेग कमी झाला तरी नोंद करा. आणि गुरांसाठी आणलेलं गोचिडीचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला लावू नका, विषबाधा होते. कुत्र्यांसाठीच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, वजनाप्रमाणे. घरात मांजर असेल तर अंगावर टाकायचं औषध आणण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. त्यातलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला सोसत नाही.

कृष्णाकाठ – पुढच्या आठवड्यातला शनिवार, सकाळी ११.२०

उशीर झाला, पण रोज वहीत लिहीत होते. तेच इथे उतरवते. गुरुवारी ताप उतरला. शुक्रवारी पेज वाटीभर. शनिवारी सकाळी चिकनचं पाणी घातलेला भात, अर्धा. रविवारी गोळीनंतर उलटी झाली. डॉक्टरांनी मळमळीचं इंजेक्शन दिलं आणि गोळीचे दोन भाग करून सकाळ-संध्याकाळ द्यायला सांगितले. मंगळवारी ती स्वतःहून जिन्याखालून अंगणात आली. बुधवारी भात पूर्ण.

काल पुन्हा रक्त तपासलं. प्लेटलेट्स १,६२,०००. हिमोग्लोबिन ८.९, त्याला अजून वेळ लागेल म्हणाले.

जिन्याखालची भिंत खरवडून काढली, भेगा सिमेंटनं बुजवल्या, फवारणी केली तेव्हा तिला दिवसभर शेजारच्या काकूंकडे ठेवलं. तिचं जुनं पोतं जाळलं.

आज सकाळी मी भाकऱ्या थापत होते. तिसरी तव्यावर टाकली आणि मागे वळले, तर उंबऱ्यावर बसलेली. दुधात कुस्करून दिली. अर्धी खाल्ली, जरा थांबली, वाडग्याकडे बघितलं, आणि उरलेली खाल्ली. सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या होत्या.

कोर्स एकूण अठ्ठावीस दिवसांचा आहे. मध्येच बरी दिसली म्हणून सोडू नका असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. आकडे इथेच लिहीन.